वळलेल्या पानाचा इतिहास



आज जो विषय मी आपणांपुढें मांडणार आहें तो दिसावयास अगदीं लहान आहे. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, जिन्याच्या वळणावर अथवा कचेरींतील मेजाजवळ शोभेच्या झाडाची एखादी तरी कुंडी असतेच. कोणाकडे रबराचें झाड, कोणाकडे नेचा, कोणाकडे मनीप्लांट, तर कोणाकडे रंगीत शिरांच्या रुंद पानांचा कॅलेथिया. एके दिवशीं त्या झाडाचें एखादें पान कडांनीं आंत वळूं लागतें, दोनचार दिवसांत त्याची सुरळी होते, आणि मग घरांतील प्रत्येक जण वैद्य बनतो. एक म्हणतो पाणी कमी पडलें. दुसरा म्हणतो खत घाला. तिसरा कुंडी उचलून उन्हांत नेऊन ठेवतो. बहुधा तांब्याभर पाणी ओतून या वैद्यसभेचें विसर्जन होतें. पंधरा दिवसांनीं झाड मरतें, आणि आपल्या घराला झाडें लाभत नाहींत असा निष्कर्ष निघतो.

वस्तुतः पानाचें वळणें हा रोग नव्हे. तें लक्षण आहे. माणसाला ताप येतो त्याचीं जशीं दहा कारणें असूं शकतात, तशींच वळलेल्या पानाचींहि असतात, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणांत विष ठरतो. हीं कारणें माणसाला एकदम कळलीं नाहींत. तीं एकामागून एक कळण्यास दोनशेंहून अधिक वर्षें लागलीं, आणि प्रत्येक वेळीं तीं अशाच मनुष्याला कळलीं कीं ज्यानें पाणी ओतण्यापूर्वीं थांबून वजन केलें, मोजलें किंवा पान उलटून पाहिलें. त्या लोकांचा इतिहास आज मी थोडक्यांत सांगणार आहें. तो समजला म्हणजे घरच्या कुंडीपाशीं काय करावें हें निराळें सांगण्याची फारशी गरज उरत नाहीं.

सोयीसाठीं आपण कॅलेथिया हेंच झाड डोळ्यांपुढें धरूं. हें मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतील, विशेषतः ब्राझीलकडील अरण्यांतलें. (या नांवानें विकल्या जाणाऱ्या पुष्कळ जातींना वनस्पतिशास्त्रज्ञांनीं २०१२ सालीं गोपर्टिया या दुसऱ्या गणांत टाकलें, परंतु बागवानांच्या तोंडीं जुनेंच नांव राहिलें आहे.) आजारी माणसाला आपल्याकडे ज्याची कांजी करून देत, त्या खऱ्या आरारूटचें झाड याच कुळांतलें. उंच वृक्षांच्या दाट सावलींत, जेथें ऊन केवळ कवडशांच्या रूपानें उतरतें, हवा सदैव दमट असते आणि जमीन पालापाचोळ्यानें भुसभुशीत असते, तेथें हीं झाडें वाढतात. असें झाड आपण चार भिंतींच्या आंत, कोरड्या हवेंत, मातीच्या एवढ्याशा गोळ्यावर जगवूं पाहतों. त्याचें पान वळलें यांत नवल नाहीं. तें सरळ राहतें हेंच नवल आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. पानांच्या मिटण्याची सर्वांत जुनी नोंद रोगाची नाहीं, तर झोपेची आहे. शिकंदराच्या आरमारांतील अँड्रॉस्थेनीस नांवाच्या अधिकाऱ्यानें इराणच्या आखातांतील टायलॉस बेटावर, म्हणजे आजच्या बहारीनमध्यें, रात्रीं पानें मिटणारें एक झाड पाहिलें, आणि त्याची हकीकत थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानें आपल्या ग्रंथांत नमूद केली. बहुतेक अभ्यासक तें झाड चिंचेचें मानतात. चिंचेचीं पानें तिन्हीसांजा मिटतात हें आपल्याकडील खेड्यांतील मुलालाहि ठाऊक असतें. पण त्यामागचें कारण शोधावें असें कोणाला फार काळ वाटलें नाहीं. पुढें १७२९ सालीं द मेराँ या फ्रेंच ज्योतिषशास्त्रज्ञानें लाजाळूसारखें एक झाड काळोख्या जागीं कोंडून ठेवलें. सूर्य दिसत नसतांहि त्याचीं पानें दिवसा उघडत व रात्रीं मिटत. म्हणजे हें मिटणें बाहेरच्या उजेडाच्या आज्ञेनें होत नसून झाडाच्या अंगींच कांहींतरी घड्याळ असलें पाहिजे, हें सूचित झालें. चार्ल्स डार्विन यानें आपला पुत्र फ्रान्सिस याच्या साहाय्यानें वनस्पतींच्या हालचालींवर १८८० सालीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पानांच्या या झोपेचा सविस्तर विचार आहे.

कॅलेथियाच्या कुळांत ही झोप ठळकपणें दिसते. पान व देठ यांच्या सांध्यावर एक फुगीर गांठ असते. तिच्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरलें आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींतून तें ओसरलें कीं पान उभें राहतें. रात्रीं उभीं राहणारीं व सकाळीं पुन्हां पसरणारीं हीं पानें पाहून नवीन झाड आणलेलीं माणसें घाबरतात. म्हणून पहिला प्रश्न पाण्याचा नव्हे, वेळेचा आहे. सांध्यापाशीं हलून पान नुसतें उभें राहिलें, आणि सकाळीं पूर्ववत् झालें, तर झाड झोपलें होतें; त्याला उठवून औषध पाजण्याचें कारण नाहीं. परंतु भर दिवसा पानाचा पातळ भागच कडेनें गुंडाळत असेल, तर मात्र तपास पुढें चालविला पाहिजे.

हा तपास शास्त्रीय रीतीनें प्रथम सुरू केला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें. लंडनजवळ टेम्स नदीच्या कांठीं टेडिंग्टन हें त्याचें गांव. १७२४ सालच्या जुलै महिन्यांत त्यानें कुंडींत वाढलेलें साडेतीन फूट उंचीचें एक सूर्यफुलाचें झाड घेतलें. कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवून त्यानें सर्व सांधे बुजवून टाकले, पाणी घालण्यापुरती एक कांचेची नळी ठेवली, आणि निरनिराळ्या पंधरा दिवशीं सकाळसंध्याकाळ ती कुंडी तराजूंत घालून तोलली. मातींतून वाफ बाहेर जाण्यास वाट नव्हती. तेव्हां जें वजन घटे तें सारें झाडाच्या अंगांतून गेलेलें पाणीच असलें पाहिजे. दिवसाच्या बारा तासांत सरासरी एक पौंड चार औंस, म्हणजे अर्ध्या किलोहून अधिक पाणी हवेंत जातें असें त्याला आढळलें. फार ऊष्ण व कोरड्या दिवशीं हा आंकडा एक पौंड चौदा औंसांपर्यंत चढे. दंव नसलेल्या उबदार रात्रीं तो तीन औंसांवर उतरे. वस्तुमान सारखें धरलें तर माणसापेक्षां सूर्यफूल चोवीस तासांत सतरा पट पाणी घेतें व टाकतें, असा हिशेब त्यानें मांडला. १७२७ सालीं त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि झाड म्हणजे मातींत उभी केलेली स्थिर वस्तु नसून खालून वर अखंड वाहणारा पाण्याचा प्रवाह आहे हें लोकांना कळलें.

हें पाणी पानांतून कोठून जातें? पानाच्या त्वचेंत, बहुतेक झाडांत खालच्या बाजूस अधिक, अतिसूक्ष्म रंध्रें असतात. प्रत्येक रंध्राला ओठांसारख्या दोन रक्षक पेशी असतात. ह्यूगो फॉन मोल या जर्मन शास्त्रज्ञानें १८५६ सालीं दाखविलें कीं, या पेशी पाण्यानें फुगल्या म्हणजे दार उघडतें आणि सैलावल्या म्हणजे मिटतें. येणाऱ्या पाण्यापेक्षां जाणारें पाणी अधिक झालें कीं झाड प्रथम हीं दारें लावून घेतें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर पान स्वतःच गुंडाळतें. गुंडाळल्यानें उन्हाला व वाऱ्याला सांपडणारें अंग कमी होतें आणि सुरळीच्या आंत दमट हवेचा थर कोंडून राहतो. पाऊस ओढला असतां भर दुपारीं ज्वारीच्या शेतांतून आपण गेलां असाल तर ताटांचीं पानें पुंगळीसारखीं वळलेलीं आपण पाहिलींच असतील. तेथें पान रोगी झालेलें नसतें; तें काटकसर करीत असतें.

यावरून दुसरा प्रश्न निघतो: जमाखर्चांत तूट कोठें आली? जमेच्या बाजूस कीं खर्चाच्या? आपण सगळे जमेकडे पाहतों व पाणी ओततों. खर्चाच्या बाजूकडे प्रथम लक्ष गेलें तें एका डॉक्टराचें, आणि तेंहि अपघातानें.

नाथानिएल बॅगशॉ वॉर्ड हा लंडनच्या पूर्व भागांत, गोद्यांच्या जवळ, वेलक्लोज चौकांत वैद्यकी करीत असे. त्याला नेच्यांचा फार नाद. अंगणांत दगडांची रास रचून त्यानें नेचे लावले. परंतु भोंवतालच्या कारखान्यांच्या धुरांत ते टिकेनात. १८२९ सालीं त्यानें एका पतंगाचा कोश ओल्या मातींत पुरून झांकणाच्या बाटलींत ठेवला. पतंगाचें काय होतें हें पाहावयाचें होतें. परंतु त्या मातींतून एक नेचा व थोडें गवत उगवलें. दिवसा मातींतून वर जाणारी वाफ कांचेवर जमे व पुन्हां मातींत उतरे. बाहेरचें पाणी न घालतां तीं रोपें जवळजवळ चार वर्षें त्या बाटलींत सुखानें नांदलीं. शेवटीं वॉर्ड परगांवीं गेला असतां बाटलीचें झांकण गंजलें, आंत पावसाचें पाणी शिरलें, आणि त्या जादा पाण्यानें तीं नष्ट झालीं. चार वर्षें पाण्याविना जगलेलीं रोपें पाण्यानें मेलीं, ही गोष्ट कुंड्या बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

वॉर्डनें मग कांचपेट्या करविल्या. १८३३ सालीं नेचे व गवतें भरलेल्या दोन पेट्या त्यानें जहाजाच्या उघड्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियांतील सिडनीला पाठविल्या. त्या सुखरूप पोहोंचल्या. १८३४ च्या फेब्रुवारींत तिकडचीं झाडें त्याच पेट्यांत भरून परत निघालीं. केप हॉर्नला वळसा घालतांना पारा २० अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला आणि डेकवर बर्फ साचलें. विषुववृत्तावर तो १२० अंशांवर चढला. तरीहि नोव्हेंबरमध्यें इंग्लंडच्या किनाऱ्याला झाडें लागलीं तीं हिरवीं व टवटवीत होतीं. पुढें अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूननें चीनमधील चहाचीं हजारों रोपें हिमालयाच्या पायथ्याशीं आणलीं. जगाचा व्यापार त्यामुळें बदलला. परंतु आपल्या विषयापुरतें त्यांतलें सार इतकेंच कीं, उष्ण अरण्यांतील नाजूक झाडांचें मर्म कुंडींतील पाण्याइतकेंच हवेंतील पाण्यांत आहे.

लंडनच्या हिंवाळ्यांत शेगडी पेटविलेल्या खोलींत हीं झाडें कां वळत, याचें गणित सोपें आहे. शून्य अंश सेल्सियसच्या एक घनमीटर हवेंत फार तर पांच ग्रॅम वाफ मावते. तीच हवा वीस अंशांपर्यंत तापविली तर तिच्यांत सतरा ग्रॅम मावूं शकते. वाफ मात्र पांच ग्रॅमच राहते, आणि उरलेली तहान ती हवा माणसाच्या ओठांतून व झाडाच्या पानांतून भागविते. आपल्याकडे शेगडीची जागा वातानुकूलन यंत्रानें घेतली आहे. त्या यंत्राच्या नळींतून बाहेर थेंब थेंब पाणी गळतें तें आपल्या खोलीच्या हवेंतूनच काढलेलें असतें. विदर्भांतील वैशाखाची दुपार आणि अशा यंत्राच्या झोतासमोरची जागा, या दोन्ही कॅलेथियाला सारख्याच. यावर पिचकारीनें पानांवर पाणी उडविण्याचा उपाय पुष्कळ लोक करतात. तो शिडकावा सुकला कीं हवा पुन्हां पूर्वीसारखीच कोरडी होते. त्यापेक्षां कुंडी झोताच्या वाटेंतून हलविणें, चार कुंड्या जवळजवळ ठेवणें, किंवा झाड लहान असेल तर वॉर्डप्रमाणें त्याला कांचेच्या घरांतच ठेवणें, हें अधिक खात्रीचें.

आतां तिसरें कारण, आणि घरोघरीं सर्वांत अधिक झाडें ज्यानें मरतात तें. माती ओली आहे, हवा दमट आहे, तरी पान वळतें व लोंबतें. हें कसें? जिनीव्हाच्या थिओडोर द सोस्यूर यानें १८०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याचें उत्तर होतें. त्यानें रोपांचीं मुळें निरनिराळ्या वायूंत ठेवून पाहिलीं. साध्या हवेंत मुळें असलेलीं रोपें जगलीं. ज्यांच्या मुळांना प्राणवायु मिळाला नाहीं तीं मेलीं. म्हणजे पानांप्रमाणेंच मुळांनाहि श्वास घ्यावयाचा असतो. सदा चिखल असलेल्या कुंडींत मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरून जातात, मुळें गुदमरून कुजतात, आणि कुजलेलें मूळ पाणी ओढूं शकत नाहीं. पाण्यांत उभें राहून झाड तहानेनें मरतें! आपला शेतकरी ही गोष्ट सोस्यूरचें नांव न ऐकतां जाणतो. पेरणीला तो नुसती ओल पाहत नाहीं, वाफसा पाहतो; आणि ज्या मातींत ओल व हवा दोन्ही योग्य प्रमाणांत असतात तोच वाफसा. कुंडींतहि वाफसाच हवा.

याच प्रकारांत आणखी दोन गोष्टी येतात. यूलियस झाक्स या जर्मन शास्त्रज्ञानें १८६० च्या सुमारास तंबाखू व भोपळा यांच्या कुंड्या घेऊन केवळ त्यांची माती थंड केली. माती ओली होती, वरची हवा उबदार होती. तरी पानें लोंबलीं, आणि माती पुन्हां ऊब धरतांच उभीं राहिलीं. उष्ण प्रदेशांतील झाडाचें मूळ गारठ्यांत पाणी ओढीनासें होतें. म्हणून थंडीच्या दिवसांत कुंडी गार फरशीवर न ठेवतां लांकडी पाटावर ठेवावी, आणि शीतपेटींतील पाणी कधीं घालूं नये. दुसरी गोष्ट खताची. कोशिंबिरीसाठीं चिरलेल्या काकडीला मीठ लावलें कीं पाणी सुटतें. कारण पाणी पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे जातें. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत द्युत्रोशे या फ्रेंच संशोधकानें या क्रियेचा अभ्यास करून तिला नांव दिलें. मातींत खताचे क्षार वाजवीपेक्षां अधिक सांठले म्हणजे मुळाचीहि त्या काकडीसारखीच अवस्था होते. मातीवर व कुंडीच्या कांठांवर पांढरी खपली दिसूं लागली, पानांचीं टोकें करपूं लागलीं, तर खत थांबवून भरपूर पाणी मातींतून वाहूं द्यावें व तें खालच्या छिद्रांतून पूर्णपणें निथळूं द्यावें.

येथपर्यंतचीं सर्व कारणें पाण्याच्या हिशेबांतलीं झालीं. परंतु इतिहासांत असा एक प्रसंग आहे कीं जेथें पाण्याचा हिशेब पुरा जुळत असूनहि पान वळत राहिलें, आणि त्या कोड्यानें युरोपांतील शेतकऱ्यांना दीडशें वर्षें छळलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडच्या लँकशायर भागांत बटाट्याचीं पानें वळूं लागलीं आणि पीक घटूं लागलें. बटाटा बियांऐवजीं कांद्याकांद्यानें लावतात, म्हणून त्याचा वंश म्हातारा होत चालला आहे असें अनेकांनीं ठरविलें. कोणी मातीला दोष दिला, कोणी हवेला. १९१३ सालीं हॉलंडांतील क्वान्यर यानें वळलेल्या झाडांचे छेद सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. पानांत तयार झालेलें अन्न खालीं नेणाऱ्या वाहिन्या मेलेल्या होत्या. अन्न पानांतच तुंबे, पान जाड व ताठ होऊन वर वळे, आणि जमिनींतील बटाटा उपाशी राही. हा प्रकार कलमानें एका झाडाचा दुसऱ्याला होतो हें त्यानें १९१६ सालीं दाखविलें. आणि मावा नांवाचा क्षुद्र किडा तो पसरवितो हें १९२० सालीं त्याच देशांतील ऊर्टवाइन बोट्येस यानें सिद्ध केलें. सूक्ष्मदर्शकालाहि न दिसणारा विषाणु हें त्याचें मूळ कारण होतें.

आपल्या मिरचीवर जो चुरडामुरडा किंवा बोकड्या पडतो तोहि याच जातीचा. कोठें पांढरी माशी विषाणु आणते. कोठें फुलकिडे रस शोषतात व पान वर वळतें. कोठें बारीक कोळी असतात व पान खालीं वळतें. घरांतील शोभेच्या झाडावर विषाणूपेक्षां कोळी, फुलकिडे, मावा व पिठ्या ढेकूण यांचाच उपद्रव अधिक. कोरड्या हवेंत कोळी फार लवकर वाढतात. म्हणून पान उलटून शिरांच्या कडेला पाहावें. बारीक ठिपके, विरळ जाळें, कापसासारखे पुंजके किंवा चिकटपणा दिसला तर ती कुंडी इतरांपासून दूर न्यावी, पानें दोन्ही बाजूंनीं ओल्या फडक्यानें पुसावीं, आणि सौम्य साबणाच्या पातळ पाण्यानें दर आठवड्यास धुवावीं. येथें पाणी ओतून कांहीं साधत नाहीं. शत्रु मातींत नाहींच.

शेवटचें कारण दिसत नाहीं व सांपडतहि नाहीं, म्हणून त्याचा शोध अधिक मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील दिवाणखाने दगडी कोळशाच्या वायूनें उजळले, आणि त्याच दिवाणखान्यांतील झाडें झुरूं लागलीं. त्या काळीं इंग्लंडांत अॅस्पिडिस्ट्रा या पौर्वात्य झाडाचें माहात्म्य वाढलें तें सौंदर्यामुळें तितकें नव्हे. अंधार, धूर व दिव्यांचा वायु सोसून तें जिवंत राही म्हणून. वायु नेमका काय करतो हें सेंट पीटर्सबर्ग येथील दिमित्री नेल्यूबोव्ह या तरुण संशोधकानें १९०१ सालीं दाखविलें. त्याच्या प्रयोगशाळेंत वाटाण्याचे कोंब सरळ वाढण्याऐवजीं आखूड, जाड व आडवे होत. बाहेरच्या शुद्ध हवेंत तेच सरळ वाढत. दिव्याच्या वायूंतील एक एक घटक तपासून त्यानें एथिलीन हा दोषी ठरविला. १९१७ सालीं अमेरिकेंतील सारा डाउट या विदुषीनें याच वायूनें पानांचे देठ खालीं वांकतात असें नमूद केलें. आणि १९३४ सालीं इंग्लंडांतील रिचर्ड गेन यानें सिद्ध केलें कीं, पिकणारें सफरचंद स्वतःच एथिलीन सोडतें.

आंब्याची अढी घालणाऱ्या महाराष्ट्राला यांत अपरिचित असें कांहीं नाहीं. गवतांत दडपलेल्या आंब्यांत एक पिकूं लागला कीं शेजारचे पिकूं लागतात, आणि केळ्यांना धुरी दिली कीं घड पिवळा होतो. दोन्हीकडे काम करणारा वायु हाच. मोकळ्या हवेच्या घरांत त्याचा झाडांना फारसा त्रास होत नाहीं. परंतु बंद खोलींत पिकत्या फळांची टोपली आणि कुंडी यांचें सख्य करूं नये, आणि धुराजवळ तर झाड ठेवूंच नये.

आतां या साऱ्या मंडळींना आपल्या कुंडीभोंवतीं बोलावूं. द मेराँ विचारील: पान केव्हां वळतें, रात्रीं कीं दिवसा? हेल्स म्हणेल: कुंडी उचलून पाहा, पाणी घातल्याच्या दिवशीं ती किती जड होती आणि आज किती हलकी आहे? बोट दोन पेरें मातींत घाला. कोरडें लागलें तरच पाणी द्या, आणि दिलें तर खालून निथळेपर्यंत द्या. वॉर्ड विचारील: कोरड्या वाऱ्याचा झोत किंवा थेट ऊन झाडावर येतें काय? सोस्यूर म्हणेल: माती ओली असून पान लोंबत असेल तर झाड हळूच कुंडींतून काढा, मुळें पांढरीं व कणखर असतील तर ठीक, काळीं व बुळबुळीत असतील तर तेवढीं कापून टाका, भुसभुशीत नव्या मातींत झाड लावा, आणि बशींत सांठलेलें पाणी टाकून द्या. झाक्स फरशीला हात लावून पाहील. क्वान्यर पान उलटील. नेल्यूबोव्ह खोलीची हवा हुंगून भोंवतालीं पाहील. या सर्वांत एकहि जण प्रथम पाण्याचा तांब्या मागणार नाहीं.

एक शेवटची सूचना. कारण सांपडलें म्हणजे एकच बदल करावा व आठपंधरा दिवस धीर धरावा. एकाच दिवशीं जागा बदलली, कुंडी बदलली, खत घातलें व औषध मारलें, तर झाड सुधारलें तरी कशानें सुधारलें हें कळत नाहीं, आणि बिघडलें तर कशानें बिघडलें हेंहि कळत नाहीं. जें पान केवळ तहानेनें वळलें असेल तें कांहीं तासांत उलगडतें. परंतु जें सुकून कडक झालें तें पुन्हां सरळ होत नाहीं, त्याच्याकडे पाहून निराश होऊं नये. कॅलेथियाचें नवें पान जन्मतःच घट्ट सुरळी होऊन वर येतें. ती सुरळी आजाराची नव्हे. तिच्यावर लक्ष ठेवावें. ती हळूहळू मोकळी होऊन पान कडेपर्यंत सपाट उघडलें, तर आपलें निदान बरोबर होतें असें समजावें. आणि अर्ध्यावर अडून कडा तपकिरी झाल्या, तर हेल्सप्रमाणें कुंडी पुन्हां तराजूंत घालावी आणि तपास पहिल्या प्रश्नापासून सुरू करावा.